कनवटीची काडेपेटी

शनि., ८ नोव्हें.
मी बोलते, मोठी नात नेहा लिहिते. अक्षर मला ओळखत नाही, मी अक्षराला. धाकटीचं नुसतं 'ब.' लिही म्हटलं. बबलीनं (अगं, हे का लिहिलंस!) पूर्ण नाव पाहिलं तर वही फाडेल. आज बापाचा शर्ट फाडला. का, तर भाजीत वांगं. वय अकरा, गुस्सा ठाणेदाराचा. संध्याकाळी नजर उतरवली. मिरच्या-मोहऱ्या निखाऱ्यावर तडतडल्या नि पोरगी गप्प, एकटक. आजीचा इलाज लागला म्हणून मी खूश.

मंगळ., ११
शाळेतून बोलावणं. शेजारच्या मुलीला चावली. घरी आल्यावर स्वतःच म्हणते, "आजी, माझी उतरव ना." उतरवली. पुन्हा गप्प.

शुक्र., १४
मागच्या अंगणात केळीची वाळकी पानं पेटलेली. ब. समोर उकिडवी, मुठीत मिरच्या. "राग येत होता. मीच माझी उतरवली." चेहरा निवांत. आणि हातभरावर ओसरीत कापूस, छतापर्यंत. बादली मीच ओतली. हे तिला शिकवलं कोणी? मी.

सोम., १७
ब.ला शहरात, शनवारा भागातल्या डॉ. बाईकडे नेलं. म्हणाल्या, नजर-बिजर नाही, लाडानं बिघडलेली पण नाही. राग उसळला की हिला थांबताच येत नाही. थांबणं शिकवावं लागेल, वेळ लागेल. निखारे बंद, माचिस लपवा, मारू नका.
वाटेत माझा प्रकाश, तिचा बाप, म्हणतो, "दोन लगावल्या की सुधरेल."
म्हटलं, "तुला लगावल्या होत्या बाबा. सुधरलास का?"
काडेपेटी आता माझ्या कनवटीला. म्हातारपणी नवा दागिना. झोपेतही चाचपते.

रवि., २३
नेहा परीक्षेला इंदूरला. आज ब. लिहिते. आधी मागची पानं वाचली. मी तिच्या नाकपुड्या बघत बसले. वही फाडली नाही.
"आजी, तू मला घाबरतेस?"
"लिही, गुडघे दुखतात."
"ते लिहिलं. खरं सांग."
घाबरते. हेही लिहिलं तिनं, इतकं दाबून की कागदाला भोक.
मग म्हणाली, "मी पण. मलाच."
दिवेलागण झाली. तुळशीपाशी पणतीत तेल घालून ठेवलंय. विचारते, "आज मी लावू? तू माझा हात धर."
ओसरीतला कापूस अजून विकला नाही. माझा हात कनवटीवर. पोरगी लिहिता लिहिता त्या हाताकडे बघते आहे, आणि मी काय सांगते त्याची वाट पाहते आहे.