सहाव्यांदा उकळलेला काढा

वोस, १२ डिसेंबर

प्रिय गुनवोर आत्या,

तुला आणि तुझ्या घरच्या सगळ्यांना सिनेव्हाचा नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? डोंगराच्या त्या बाजूला बर्फ आमच्यापेक्षा कमी असेल, तरी गोठ्यात जाताना लोकरी मोज्यांचे दोन जोड घालत जा. सहा वर्षांनी पत्र लिहितेय आणि पहिल्याच ओळीत तुला शिकवायला लागले, याबद्दल माफ कर. फोन केला असता, पण फोन बाबांच्या खाटेजवळ आहे आणि जे सांगायचंय ते बाबांच्या देखत सांगता येत नाही.

बाबांचा पाय मोडलाय. डेअरीची गाडी जिथून दूध उचलते त्या कट्ट्यावर कॅन ठेवताना बर्फावरून घसरले. डॉक्टरांनी नाताळ होईपर्यंत माडीवरून उतरायला बंदी केली आहे. म्हणजे या वर्षी नाताळची बिअर करायची माझ्यावर आली. आपल्या घरात बिअरशिवाय नाताळ एकदाही झालेला नाही, हे बाबा मला दिवसातून तीनदा सांगतात (मी विसरले असेन म्हणून नव्हे, स्वतःला बरं वाटावं म्हणून). मी आजवर फक्त लाकडं सारली आहेत आणि भांडी घासली आहेत. पण आई गेल्यावर तू मला हाताशी धरून जे शिकवलंस ते सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही उघडली आणि तिथेच घात झाला.

सुरुवात चांगली झाली. दोन तारखेला पहाटे जुनिपरच्या झुडपाच्या डहाळ्या पाण्यात उकळल्या, त्या पाण्यात मोड काढून वाळवलेल्या जवाचं पीठ भिजवलं, गोड काढा गाळून घेतला आणि तांब्याच्या मोठ्या हंड्यात चार तास उकळला. उतू जाऊ दिला नाही. (एकदा गेला. पण थोडाच, आणि मांजराच्या अंगावर नाही.) मग पाच कॅनमध्ये भरून ते ओढ्यात उभे केले. वहीत लिहिलंय, काढा अंगाच्या उबेइतका निवला की त्याला आंबवून बिअर करणारं विरजण घालायचं. मी थर्मामीटर घातला, मनगटावर थेंब घेतला, गालाला कॅन लावून पाहिला, आणि तरी खात्री पटेना म्हणून परत थर्मामीटर घातला. तोवर गालाला कॅनचा काळा डाग पडला होता. तो मला संध्याकाळी कळला.

आता विरजणाचं. तळघरात खुंटीला टांगलेली आपली लाकडी कडी तुला आठवत असेलच. आजोबांच्या आधीपासून प्रत्येक बिअरमधलं विरजण तिच्या खाचांत वाळवून ठेवलेलं. ती काढली तर तिच्यावर तपकिरी पापुद्रे, कोळ्याचं जाळं आणि काय काय. आत्या, तुझ्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर, दोनदा अधोरेखित करून लिहिलंय: काढ्याला लागणारी प्रत्येक वस्तू आधी कढत पाण्यातून काढायची. मी प्रत्येक वस्तू काढली. कडीसुद्धा काढली. ब्रशने घासलीही. अशी लख्ख निघाली की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मग ती काढ्यात सोडली आणि रीतीप्रमाणे आरोळी मारली. मला आरोळ्या मारायची लाज वाटते हे तुला माहीत आहे, पण दबकी आरोळी मारली तर बिअर मिळमिळीत होते म्हणतात, म्हणून डोळे मिटून ओरडले. गाई उठून उभ्या राहिल्या. पलीकडच्या उतारावर सिवेर्टकाकांच्या कुत्र्याने उत्तर दिलं. काढ्याने दिलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दुपारी कॅनपाशी बसले असताना एकदम उमगलं की मी आपल्या घराण्याचं विरजण उकळून मारलंय.

तेव्हापासून माझं आयुष्य असं आहे: काढा नासून वाया जाऊ नये म्हणून दर दोन दिवसांनी परत हंड्यात ओतायचा, उकळायचा, निववायचा, कॅन धुवायचे, भरायचे, तोंडाला फडकं बांधून तळघरात ठेवायचे. मग रोज झाकण उघडून वास घ्यायचा आणि उघडल्यामुळे आता नासेल म्हणून घाबरायचं. दर उकळीला काढा आटतो, काळा होतो आणि गोड होतो. आठ तारखेला ओढा गोठला म्हणून वाऱ्यावर लवकर निवतील या हिशेबाने दोन कॅन रस्त्याकडच्या दुधाच्या कट्ट्यावर ठेवले आणि कोंबड्यांना दाणे टाकून येईपर्यंत डेअरीच्या गाडीने ते उचलून नेले. एक तिथल्या टाकीत ओतलाही. दुसरा संध्याकाळी परत आला, मुठीला चिठ्ठी बांधलेली: “तुमच्या गाई हल्ली काय खातात?” मी माफीचं पत्र पाठवलंय. दोन पानी.

आता आटून आटून दोनच कॅन उरलेत. रोज सकाळी चहा घेऊन माडीवर गेले की बाबा विचारतात, “फेसाळलं का गं?” मी म्हणते, हळूहळू. (हे खोटं नाही असं मी स्वतःला सांगते. हळूहळू काहीच होत नाहीये.) सिवेर्टकाकांनी तर आरोळी ऐकून दिवस मोजले आणि चार तारखेला हातात स्वतःचा वाडगा घेऊन दारात हजर. “काय गं पोरी, ओरडलीस तर अशी की माझी म्हातारी दचकून उठली. बिअर कुठाय? का नुसता घसा साफ केलास?” मी म्हटलं, अजून तयार नाही. ते डोळे मिचकावत म्हणाले, “विरजण लागलं तर सांग हो, लाजू नकोस.” मी मान हलवली. बाबांचं म्हणणं तुला ठाऊकच आहे: सिवेर्टच्या विरजणाने फार तर डुकराचं आंबोण आंबवावं.

हे सगळं तुला एवढ्यासाठीच कळवलं की मनावर ओझं होतं. बाकी सर्व ठीक. घरच्यांना नमस्कार सांग.

तुझी
सिनेव्हा

ता. क. खरं म्हणजे ओझं हलकं करायला लिहिलं नाही. लग्न होऊन जाताना तू आपलं निम्मं विरजण फडक्यात बांधून नेलं होतंस. आता जिवंत आहे ते तेवढंच. सहा वर्षांपूर्वी बाबा तुझ्या सासरच्यांसमोर तुझी बिअर चाखून म्हणाले होते की विरजण आपलं, पण हिचा हात बिघडला. ते तू विसरावंस असं मी म्हणत नाही. पण चमचाभर पाठवशील का? बाबांना कळू देऊ नकोस.

ता. क. २. बाबांना कळलं. आज सहावी उकळी चालू आहे, तिचा वास माडीवर गेला. त्यांनी वरून हाक मारली, “सिनेव्हा, एकाच बिअरला किती वेळा उकळतेस गं?” मी वर गेले, सगळं कबूल केलं आणि रडले. बाबांनी मला खाटेवर बसवलं. मग म्हणाले की ती कडी दोन वर्षांपूर्वीच ओल लागून मेली होती. तेव्हापासून ते कडी नुसती दाखवायला काढ्यात बुडवतात आणि मागच्या दाराने सिवेर्टकाकांकडून बरणी आणतात. या वर्षी पाय मोडला आणि मला सांगायची लाज वाटली, म्हणून रोज फेस विचारत होते. त्यांना वाटलं, कडीत चुकून एखादा जीव उरला असेल. आत्या, मी नऊ-दहा दिवस जिच्यासाठी रडले ती आधीच मेलेली होती.

ता. क. ३. म्हणजे विरजण शेजारीच मिळतं आणि तुझ्याकडून मागवायचं कारण उरलं नाही. मी तसं म्हटल्यावर बाबा रागावले. “मागव म्हणतो ना! आणि पोस्टाने नको, फुटेल. तिला स्वतः घेऊन यायला सांग.” वाळलेलं विरजण कसं फुटेल ते मी विचारलं नाही. ये. फक्त लवकर ये. अजून दोन उकळ्या झाल्या तर नाताळला हे आम्हाला पावाला लावून खावं लागेल.