पावसात झोपणारं झाड

प्रिय ठिणगी,

या नावाने तुला हाक मारून बारा वर्षं झाली. पाकीट फोडताना दचकली असशील. जेवलीस का, पाऊस आहे का, फोनवर आपण एवढंच बोलतो आणि पुढचं दोघीही गिळतो, म्हणून लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. तू गेल्यावर तुझी जुनी पुस्तकं मी एकेक करून वाचली, पहिलीपासून. नववीचं विज्ञान दोनदा. आता सामान बांधून आलेला कागदही वाचल्याशिवाय टाकवत नाही.

घर ठीक आहे. बाबांची खुर्ची मी दारातून हलवलेली नाही. येता-जाता गुडघा आपटतो, तेवढंच घरात कुणी असल्यासारखं वाटतं. एकटीपुरता स्वयंपाक अजून जमत नाही. उरलेलं शेजारच्या मामींच्या कोंबड्यांना जातं. मामी म्हणतात, "तुझ्या दुःखावर माझ्या कोंबड्या माजल्या गं." मी हसते. दार लावलं की घर पुन्हा गप्प.

बाजरी कंबरेला लागली आहे. बाबांनी तिच्यात ती बारा काटेरी झाडं रांगेने लावली, तेव्हा आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. आधीच पाऊस बेताचा, त्यात पिकाची जमीन झाडांना द्यायची? मामी कुंपणावरून ओरडल्या होत्या, "सुया पेरल्यात, आता दोराही पेरा!" बाबा म्हणाले, "दोरा कशाला, तुमची जीभ आहे की लांब." पाल्याचं खत होईल, शेंगा शेळ्यांना होतील, खालची बाजरी जोर धरेल, असं ते सांगायचे. कसं, ते सांगायला लागले की मी भांडी आपटायचे. ऐकून घेतलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

झाडं लावल्यापासून तिसऱ्या वर्षी पाठीच्या दुखण्याने ते अडीच महिने दवाखान्यात होते. जाताना झाडांचं पाणी तुझ्यावर सोपवलं. भर उन्हात डबा घेऊन तू बाराही झाडांपाशी जायचीस. मी ओट्यावरून पाहत होते. एकही दिवस चुकला नाहीस.

मग पाऊस आला. सगळं रान हिरवं झालं आणि त्या झाडांनी मात्र पाला टाकला. काड्या उरल्या. मला वाटलं, मेली. खरं सांगते, बरं वाटलं. तू शाळेत असताना एका सकाळी मी अकरा तोडली. बारावं दगडांच्या ढिगामागे होतं. तिथे कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला म्हणून ते वाचलं. तू आलीस तेव्हा चूल त्यांच्यावरच पेटलेली होती.

बाबा परत आले आणि रिकाम्या रांगेत उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहून मी घाबरले. विचारल्याशिवाय तोडली, असं म्हणवेना. तोंडातून निघून गेलं, "उन्हाळ्यातच वाळली. पोरीने पाणी घातलं नाही." तू म्हणालीस, "मी घातलं होतं गं आई, हिरवी होती." मी म्हणाले, खोटं बोलते ही. मामींच्या देखत. चोर सोडून संन्याशाला फाशी. बाबा तुला रागावले नाहीत. फक्त त्या दिवसापासून ठिणगी म्हणायचं सोडून तुला नावाने हाक मारू लागले, आणि त्यांचं पाहून मीही. वर्ष संपायच्या आत तू मावशीकडे शिकायला गेलीस, ती गेलीसच.

गेल्या पावसाळ्यात ते त्या बाराव्या झाडाखाली बसले होते. झाड उघडं, आणि भोवतीची बाजरी इतर शेतापेक्षा हातभर उंच. मला म्हणाले, "हे पावसात झोपतं. पिकाला ऊन सोडतं. उन्हाळ्यात जागं होतं आणि सावली देतं. हे मरत नसतं." आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं की नाही, ते मला कधीच कळणार नाही. माझी जीभ उचलली नाही. चार महिन्यांनी ते गेले. तू आलीस, तेरा दिवस राहिलीस, तेव्हाही उचलली नाही.

परवा मी मामींना कुंपणापाशी बोलावून सगळं सांगितलं. जिथे तुला खोटी ठरवलं तिथेच. आता तुला सांगते: तू पाणी घातलं होतंस. बाराव्याच्या शेंगांमधलं बी, कठीण कवच सुटावं म्हणून, उकळत्या पाण्यात भिजवून मी रोपं केली आहेत. तिसांतली अकरा आली. जुन्याच जागी खड्डे खणून ठेवलेत, पण रोपं मी लावणार नाही. त्या झाडांना पुन्हा माझा हात नको. पाऊस अजून महिनाभर आहे. तोवर येशील का? नाही आलीस तरी तुझं चुकलं असं म्हणणार नाही. एकदा म्हटलं, ते आयुष्याला पुरलं.

ठेवशील तर तुझीच,
आई