गोदाच्या गावचं हळदीकुंकू

४ नोव्हेंबर २००१

परत आली ती जीप! पांढरीफटक, दोन्ही दारांवर हे मोठ्ठं लिहिलेलं — कर्करोग तपासणी. फाटकासमोर उभी राहते आणि शिंची हॉर्न वाजवते. सगळ्या आळीला कळायलाच हवं ना, हरिहररावांच्या — म्हणजे माझ्या — बायकोला काय झालं होतं ते!

मनस्विनी तयारच होती. इस्त्रीची साडी, अबोलीचा गजरा. दीड वर्षापूर्वी मुंबईला ऑपरेशन झालं तेव्हा मी देवापुढे नाक घासलं होतं. वाचली. वाटलं, आता घरात गुपचूप बसेल, मुलाच्या लग्नाचं बघेल. छे! ही गावोगाव जाऊन बायकांपुढे उभी राहते आणि सांगते — माझा डावा स्तन काढला, मी जिवंत आहे, तुम्ही वेळेत तपासून घ्या. स्तन! हा शब्द मी जन्मात तोंडातून काढलेला नाही. इथे लिहितानासुद्धा हात अडखळला.

जीपमधून त्या नीरजाताई उतरल्या. संस्था त्यांची. कायम हसतमुख. 'हरिभाऊ, तुमच्या परवानगीने नेते हं हिला!' परवानगी मागितली कधी होती, आणि दिली कोणी?

७ नोव्हेंबर

जेवण गार. बाईसाहेब जयगडला.

१० डिसेंबर

नाक कापलं आज ऑफिसात.

विनीत — आमच्याच टेबलाचा ज्युनिअर क्लार्क, कालचं पोर — सगळ्यांदेखत म्हणतो, 'साहेब, वहिनींचं बोलणं आमच्या हिने ऐकलं. किती स्पष्ट बोलतात हो! घरी येऊन ही रडली आणि दुसऱ्या दिवशी तपासून आली.' खोलीभर माना वर झाल्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. सगळ्यांच्या तोंडावर ती कीव! मी फायलीत डोकं घातलं ते चहापर्यंत वर काढलं नाही.

घरी येऊन बोललो. आवाज चढला माझा, मान्य. तीही कमी नाही. म्हणाली, 'अहो, गेला तो माझा. तुम्हाला लाज कसली?' मी आणखीच ओरडलो.

२९ डिसेंबर

दुपारी घरी येतो तर पडवीत कारखाना! पाच-सहा बायका मांडी घालून बसलेल्या, सगळ्या हिच्यासारख्याच, ऑपरेशन झालेल्या. कापडाच्या पिशव्या शिवतायत आणि आत मोहरी भरतायत. कशाला, ते विचारून मीच फसलो. 'चोळीच्या आत घालायला हो. वजन दोन्हीकडे सारखं नको? नाहीतर खांदा ओढतो,' असं एक म्हातारी मला ऐकवते — माझ्या आरामखुर्चीत बसून! दुसरी हातात वाटी घेऊन तोलतेय, 'मला थोडी जास्त लागेल गो, मी पहिल्यापासून दणकट,' आणि सगळ्या फिदीफिदी हसतायत. मनस्विनीसुद्धा. माझ्यासमोर इतकी कधी हसली होती ती, आठवत नाही.

मी मागच्या दाराने बाहेर पडलो. माझ्याच घरातून, चोरासारखा!

६ जानेवारी २००२

आता मात्र कळस झाला.

संस्थेवाले संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवतायत. कुठे? गोदाच्या गावी! गोदा माझी धाकटी बहीण, एकुलती एक, संगमेश्वरच्या आतल्या अंगाला दिलेली. सासू अजून खमकी, घरात तिचाच शब्द चालतो. तिथल्या शाळेत वीस तारखेला हळदीकुंकू, तिळगूळ, वाण म्हणून साबणाची वडी. मग हिचं भाषण. आणि मग पडद्याआड डॉक्टरीणबाई एकेकीला तपासणार! म्हणे, हळदीकुंकू म्हटलं की बायकांना घरून कोणी अडवत नाही. काय डोकं चालवलंय! कुंकवाच्या नावाखाली छाती तपासायची!

मी म्हटलं, 'दुसरं गाव मिळालं नाही? तिथे माझी बहीण नांदतेय. तिच्या सासूपुढे तू उभी राहून हे सगळं बोलणार?'

'हो,' म्हणाली. एवढंच. आणि कढईत पोहे परतत राहिली.

१२ जानेवारी

आज गोड बोलून बघितलं. 'नीरजाताईंना बोलू दे, तू नुसतं अत्तर लाव.' तर म्हणते, 'त्यांनी बोलून काय उपयोग? त्या धडधाकट आहेत. बायका मला बघायला येतात. कापल्यावरही माणूस जगतं, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं असतं.'

बघायला! माझी बायको म्हणजे काय जत्रेतला पाळणा आहे?

१८ जानेवारी

केलं एकदाचं.

घरचा फोन दिवाळीपासून मेलेला आहे ते बरंच झालं. संस्थेचे सगळे निरोप माझ्या ऑफिसातून जातात-येतात. जेवणाच्या सुट्टीत नीरजाताईंना फोन लावला. 'मनस्विनीला ताप आहे. अशक्त झालीय फार. रविवारी येणार नाही. बघायला येऊ नका, पडून राहायला सांगितलंय.' त्या 'अगंबाई! कधीपासून?' करत राहिल्या, मी ठेवून दिला.

घरी सांगितलं — नीरजाताईंचा निरोप आहे, जीप बिघडली, कार्यक्रम पुढे ढकलला.

तिचं तोंड एवढंसं झालं. होऊ दे! माझं रोज होतं.

२० जानेवारी

तिला घेऊन गणपतीपुळ्याला गेलो. नको नको म्हणत होती, पण एस्टीत बसल्यावर खुलली. प्रदक्षिणा घातली, मोदक खाल्ले. वाळूत चपला हातात घेऊन चालली. 'किती वर्षांनी आलो हो आपण दोघंच!' म्हणाली.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? खूप बरं वाटलं.

२२ जानेवारी

पकडलो गेलो. नीरजाताई शहाळी घेऊन हजर! मनस्विनी विहिरीवर कळशी भरत होती. 'अगं, तू उठलीस कशाला? ताप उतरला का?' ही म्हणाली, 'कसला ताप?' मग सगळं बाहेर आलं.

तिकडे गोंधळ झाला म्हणे. बायका नटूनथटून आल्या होत्या, शाळेचा व्हरांडा भरला. 'त्या ऑपरेशनवाल्या बाई कुठायत?' म्हणून विचारायला लागल्या. नीरजाताईंनी खरं — म्हणजे माझं — सांगितलं, ताप आहे. झालं! एकीने दुसरीच्या कानाला लावलं. 'उलटलं वाटतं.' 'कापून घेतलंन, तरी परत आलंच ना!' तिळगूळ घेतला, वडी घेतली, उठल्या. डॉक्टरीणबाई पडद्याआड नुसती बसून.

नीरजाताई गेल्यावर मनस्विनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडेल वाटलं. ओरडली नाही.

'मी मेले असते तर तुम्हाला चाललं असतं,' म्हणाली. 'जिवंत राहून बोलते, ते चालत नाही.'

मी म्हटलं, तोंड सांभाळ. आणखीही बरंच म्हटलं. आणि अजूनही म्हणतो — ताप म्हणजे ताप! कोणालाही येतो, गोळीने जातो. त्या अडाणी बायकांनी त्याचं रामायण केलं, त्यात माझा काय दोष?

३ मार्च

अबोला चालूच. वाढते, धुते, जीप आली की जाते. आता सांगूनही जात नाही. पडवीत मोहरीचं पोतं आणून ठेवलंय. मी त्याला पाय लावून बाजूला सारलं तर तिथेच परत आणून ठेवलं.

१४ सप्टेंबर

गौरीला गोदा आली. दिवाळीनंतर आत्ता आली. आल्या आल्या माझ्या पाया पडली, पण खाली वाकताना कळवळली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला, एवढ्या उकाड्यात! मी म्हटलं, काय सासूबाई झालीस काय! हसली नाही.

मनस्विनीने तिच्याकडे एकदा बघितलं, हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. आत गोदा रडत होती. बाहेर गौरी तशीच, आरती खोळंबलेली.

दार उघडून मनस्विनी माझ्याशी बोलली. जानेवारीनंतर आपण होऊन पहिल्यांदा. 'उद्याच्या गाडीने मुंबईला. तुम्हीही चला.'

२ ऑक्टोबर

रोग हाडांत पोचलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले डॉक्टर. जमेल तेवढं सुखात ठेवा म्हणाले. माझी गोदा! चव्वेचाळीस वर्षांची.

तिला इकडेच आणलं. सासूने 'माहेरीच बरं' म्हणून हात झटकले. तिची सगळी सेवा मनस्विनीच करते.

गोदा काल आपण होऊन सांगायला लागली. मी पायाशी बसलो होतो. 'दादा, ते हळदीकुंकू मीच ठेवायला लावलं होतं रे. दिवाळीत वहिनीच्या मागे लागले, आमच्या गावात ठेव, पण माझं नाव कुठे काढू नको म्हणून. मला गाठ लागली होती, सुपारीएवढी. कोणाला सांगायची लाज. म्हटलं, सगळ्याजणींबरोबर पडद्याआड जाईन, सासूबाईंना कळायचं नाही. वहिनी जवळ असली की भीती नाही वाटायची. आणि त्या दिवशी कळलं, वहिनीलाच ताप. सगळ्या म्हणायला लागल्या, उलटलं. मी शाळेच्या फाटकातूनच परत फिरले. कापूनही हेच व्हायचं तर कापायचं कशाला? उन्हाळ्यात कळलं वहिनी बरी आहे म्हणून. पण तोवर गाठ फुटली होती. मग दाखवायचीच लाज वाटली.'

मनस्विनी तिथेच होती, औषधाची बाटली हलवत. हलवतच राहिली.

११ ऑक्टोबर

मनस्विनी गोदाला माझं खोटं सांगत का नाही? सांगून टाक ना! मी रोज वाट बघतोय. पेज भरवताना, वेणी घालताना, दोघी कुजबुजतात तेव्हा — वाटतं, आता सांगितलं, आता गोदा मला हाक मारील आणि विचारील. मी स्वतः सांगायला दोनदा खोलीत गेलो. दोन्ही वेळा पंखा वाढवून बाहेर आलो.

ही बोलत नाही. गावोगाव तोंड चालतं, आणि इथे शिंची एक शब्द बोलत नाही!

६ नोव्हेंबर, भाऊबीज

गोदाने पडल्या पडल्या ओवाळलं. ताम्हन मनस्विनीने धरलं होतं. ओवाळून झाल्यावर गोदा एकदम तिला म्हणाली, 'वहिनी, खरं सांग हं. त्या हळदीकुंकवाला तुला ताप होता ना? की मी वेड्यासारखी उगाचच पळाले?'

मी ताम्हनातली नोट सरळ करत बसलो.

'होता हो वन्सं,' मनस्विनी म्हणाली. 'फणफणले होते नुसती. ह्यांनीच उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या.'

गोदाचा चेहरा निवळला. माझा हात गालाशी धरून म्हणाली, 'गुणाचा माझा दादा!'