पिंकी बाजेवरून उठली

मंगळवार संध्याकाळ, मोरबी

टाइल्सच्या गाड्या भरून आलो, पण डोक्यातून ती बाज जात नाही. पिंकीच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं. हृदयाचं भोक बुजलं. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हिला पळू द्या, खेळू द्या. तरी माझी पोरगी दिवसभर बाजेवरच. का, तर आईनं तेव्हा नवस बोललाय, नात पहिल्यांदा पळंल ती देवाच्या दारात. जत्रा चैत्रात. तोवर काय मुळं फुटेपर्यंत बसवायचं तिला?

आज फोनवर भांडलोच. आई म्हणाली, "देव कोपला तर तू लांब. निस्तरायचं आमी."

"कोपू दे माझ्यावर. पिंकीला फोन दे."

पिंकीला म्हणालो, "फोन हातातच ठेव. पळत जा, अंगणातल्या लिंबाच्या झाडाला हात लावून ये."

मागून आई ओरडत होती. भीती मलाही वाटली, खोटं कशाला लिहू.

मग धापा ऐकू आल्या. "पप्पा, दम लागला."

"मलाबी लागतो गाड्या भरताना. बस जरा बाजेवर."

"न्हाई बसत. परत जाऊ लिंबाला?"

जा म्हणालो.