हात उठला

रत्नागिरी,
रविवार, ता. ८ फेब्रुवारी १९३१

चि. हरिश्चंद्र भाऊजी यांस वहिनीचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आंब्याला मोहोर बरा आहे. माझा खोकला हवेचा, असं सासूबाई म्हणतात.

दिवाळीत तुम्ही तुमच्या दवाखान्यातली सुई आणून मला आणि मालनला टोचलीत. "जगभर हल्ली असं करतात," एवढंच बोललात. तिसऱ्या दिवशी माझा हात लाल होऊन सुजला, मालनचा कोराच राहिला. देवीची लस उठली की बरं, एवढंच आम्हांला ठाऊक. सासूबाई हसल्या, "लस पण थोरल्यांचा मान ठेवते गो! हरी, पोरीची फुकट गेली, परत टोच." तुम्ही हसला नाहीत. मुंबईहून मात्र प्रत्येक पत्रात एकच: मालनला शाळेसाठी इकडे पाठवा.

मला वाटलं, जाऊबाईंना घरकामाला पोर हवी. मग वर्तमानपत्रात वाचलं, पॅरिसचे डॉक्टर गाईच्या क्षयाचे जंतू दुबळे करून त्यांची लस तान्ह्या मुलांना पाजतात; आणि जर्मनीत एका गावी लस पाजलेली कितीतरी मुलं दगावली. तुम्ही माझ्या पोरीवर प्रयोग केलात, असं धरून महिनाभर मनात तुम्हांला शिव्या घातल्या. तिचा हात रोज उजेडात धरून पाहायची.

शेवटी वाचनालयातून क्षयावरचं पुस्तक आणवलं. तुम्ही टोचलंत ती लस नव्हेच, क्षयाची परीक्षा. जंतू अंगात शिरलेले असतील त्याचाच हात उठतो. उठला म्हणजे दुखणं आहेच असं नाही, असंही त्यात आहे. ते वाक्य मी चारदा वाचलं.

भाऊजी, हे असंच खोकत गेले तेव्हा उशाशी मी होते. मालनला माहेरी ठेवलेली. पौषापासून मला संध्याकाळी कणकण येते. परवा पदराला रक्त लागलं. पुस्तक वाचेपर्यंत मालन माझ्या कुशीत झोपत होती. आता वेगळी निजवते, तर रडते.

तुम्हांला ठाऊक होतं. मला का नाही सांगितलंत? आईसमोर बोलवेना, की वहिनी पोरीला सोडणार नाही असं वाटलं? हा संशय अजून गेलेला नाही.

गुरुवारच्या आगबोटीने शेजारच्या दादूबरोबर तिला पाठवते. पोचल्याबरोबर पुन्हा टोचा, आणि काय निघेल ते या वेळी मला लिहा. शाळेत घाला, चुलीपुढे बसवू नका. "तू कधी येशील?" विचारते. आंबे संपले की, असं सांगितलंय. तेव्हा पावसाने आगबोट बंद असते, हे तिच्या ध्यानात आलेलं नाही.

तुम्हीही ते तिच्या ध्यानात आणून देऊ नका.

तुमची वहिनी,
तुळसा