तुझी न्याहारी मी बदलली

आई, परवा पोरीचा फोन आला. ती आता सांगलीत शिकते, विश्रामबागेत तिघीजणी मिळून एका खोलीत राहतात. सकाळी कॉलेजला पळायच्या आधी पोटात काय टाकायचं यावरून त्यांच्यात वाद झाला होता. एकीनं दुकानातून दुधात घालून खायच्या फ्लेक्सचं खोकं आणलं होतं, वर मधाचं आणि गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि मोठ्या अक्षरात ‘हेल्दी’. दुसरी म्हणत होती, त्यापेक्षा खालच्या गाड्यावरचे पोहे बरे. आमची मला म्हणाली, “बाबा, तुम्ही या लाइनमध्ये होता ना? खरं सांगा, ह्यातलं चांगलं काय?” मी म्हटलं, गाडी चालवतोय, नंतर बोलतो. मी गाडी चालवत नव्हतो. साताऱ्याच्या घराच्या पायरीवर बसलो होतो. तू जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली, आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी इतका सरळ विचारला नव्हता. तिला सगळं खरं सांगायच्या आधी तुला सांगावं असं वाटलं.

तुझी न्याहारी मला अजून दिसते. इस्लामपूरजवळचं आपलं घर, मागच्या दारी चूल. ज्वारीची एक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर ताक, आणि परड्यात जो काही हिरवा पाला असेल तो, कधी कांद्याची पात, कधी मेथीची कच्ची पानं. तू उकिडवी बसून खातेस, घाईत, कारण तुला जाऊन अंगणवाडी उघडायची असते. तिथं तू जन्मभर गावातल्या पोरांची वजनं केलीस. काट्याच्या हुकाला झोळी अडकवायची, पोरगं रडायला लागायचं, तू वहीत आकडा लिहायचीस आणि मान वर न करता त्याच्या आईला विचारायचीस, “सकाळच्याला काय घातलंस ह्येच्या पोटात?” या प्रश्नाला गावातल्या बायका सासूपेक्षा जास्त भ्यायच्या. कुणी चहा-खारी म्हटलं की तू चिडायचीस. “चा आन खारी म्हंजे काय न्याहारी हाय व्हय गं? कालची भाकर दुधात कुस्करून दे की.” तू काही साधू नव्हतीस. तुझा चहा गोडमिट्ट असायचा आणि लग्नातला शिरा तू दोनदा मागून घ्यायचीस. पण कोणत्या खाण्यानं पोरगं बाळसं धरतं आणि कशानं नुसतं पोट भरल्यासारखं होतं, हे तुला कळत होतं. तुला ते वहीतल्या आकड्यांनी शिकवलं होतं.

मग मला नोकरी लागली. दुधात घालून प्यायची पावडर आणि बिस्किटं बनवणारी कंपनी होती, आणि फलटणपासून सांगलीपर्यंतची दुकानं माझ्याकडे होती. पहिल्या सुट्टीला मी तुझ्यासाठी पावडरीचा मोठा डबा आणला. तू तो दोन्ही हातांनी धरलास. वडिलांच्या फौजेतल्या ट्रंकेवर, फोटोच्या शेजारी ठेवलास. शेजारणी आल्या की सांगायचीस, “माझ्या लेकाच्या कंपनीचा हाय.” संध्याकाळी तू तो परत खाली काढून फिरवून पाहिलास. “ह्या मागल्या बाजूला काय लिवलंय रं एवढं बारीक?” मागची अक्षरं इंग्रजीत होती. मी म्हटलं, “जे पुढं आहे तेच.” मागे काय आहे हे मला माहीत होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ते वाचलं होतं, घटकांच्या यादीत साखरेचं नाव वरून दुसऱ्या नंबरला होतं. शिकवायला आलेल्या साहेबांनी आम्हाला सांगितलं होतं की गिऱ्हाइकाच्या हातात डबा देताना चित्राची बाजू वर ठेवायची, मागचं कुणी वाचत नाही. तू वाचायला गेलीस. मी वाचू दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तू भाकरी सोडून सकाळी पावडरीचं दूध आणि चार बिस्किटं खायला लागलीस. मीच सांगितलं होतं. म्हटलं, आता किती दिवस चुलीपुढे धूर खाणार, शहरातले डॉक्टरसुद्धा हेच घेतात. तू म्हणालीस, “पोट भरल्यावानी न्हाई वाटत रं.” मी म्हटलं, “सवय होईल.” तू बारा वाजेपर्यंत भुकेनं कासावीस व्हायचीस आणि आणखी दोन बिस्किटं खायचीस, हे मला नंतर कळलं.

तू माझ्यावर एकदाच चिडलीस. वरच्या आळीतली एक बाई होती, धाकटं पोर अगदी काडीसारखं. तिला तूच तो डबा घ्यायला सांगितलं होतंस, माझ्या शब्दावर. तीन महिन्यांनी तू त्या पोराला झोळीत घातलंस आणि काट्यावरचा आकडा आधीपेक्षा खाली उतरला. मी त्या दिवशी घरी आलो तर तू उंबऱ्यातच बसली होतीस, वही मांडीवर.

“तिच्या घरी चार कोंबड्या हाईत,” तू म्हणालीस. “पोराला रोज अंडं मिळत हुतं. ती अंडी इकून ती तुझा डबा घ्यायला लागली. कळलं का?”

मी म्हटलं, “आई, दूध कमी घालत असेल. पाण्यात देत असेल.”

“पाण्यातच देती. दूध कुठलं तिच्याकडं? मी इचारलं न्हाई. मी, जी समद्यांस्नी इचारती, तिनं इचारलं न्हाई. का तर माझ्या लेकानं सांगितलं हुतं.” मग वही मिटून म्हणालीस, “माझ्या त्वांडानं आता तुझा माल खपायचा न्हाई. आन तूबी मला सांगू नगंस.”

तू दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या घरी गेलीस, पुढे महिनाभर जात राहिलीस, आणि ते पोरगं अंड्या-भाकरीवर परत सुधारलं. कुणालाही तू परत डबा घे म्हणाली नाहीस. पण स्वतःची पावडर-बिस्किटांची न्याहारी तू बदलली नाहीस. मी आणायचं थांबवलं नाही आणि आणलेलं टाकायचं तुझ्याच्यानं झालं नाही. एवढं कळणारी बाई स्वतःपुरतं का गप्प बसली, हे मी कितीदा ताडून पाहिलं. मला वाटतं, लेकानं आणलेली वस्तू फडताळात तशीच पडलेली मला दिसू नये, एवढंच तुझ्या मनात होतं.

तुला साखर निघाली तेव्हा मला खरं म्हणजे थोडं बरं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते. कारण कंपनीनं त्याच वर्षी शुगरवाल्यांसाठी वेगळी बिस्किटं काढली होती. मला वाटलं, आता तुला योग्य तेच आणता येईल. हिरवा पुडा, वर पानाचं चित्र. साखर नव्हती त्यात, ते खोटं नव्हतं. मैदा होता, तेल होतं, आणि हे शुगरवाल्यांचं आहे म्हटल्यावर माणूस मोजत नाही, तू दिवसाला अर्धा पुडा संपवायचीस. पावडरीचं दूधही चालूच होतं. ते बंद कर असं मी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू विचारलं असतंस, का? आणि मग आधीची सगळी वर्षं मला सांगावी लागली असती.

गोळ्या चालू असूनही आकडा उतरेना म्हणून मी तुला विश्रामबागेतल्या डॉक्टरबाईंकडे नेलं. तो दिवस मी विसरत नाही. तू इस्त्रीची सुती साडी नेसली आहेस, पायात नवी चप्पल, ती टाचेला चावते आहे पण तू बोलत नाहीस. मी कामावरून तसाच आलोय. मांडीवर कंपनीची पिशवी आहे, तिच्यावर मोठं चित्र. डॉक्टरबाई कागद बघतात, चष्मा काढतात आणि विचारतात, “मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय खाता, ते सगळं सांगा मला. न लाजता सांगा.”

मी ती पिशवी पालथी केली. चित्राची बाजू पोटाकडे. तू ते पाहिलंस. माझ्याकडे नाही पाहिलंस, पिशवीकडे पाहिलंस.

“भाकर खाती बाई,” तू म्हणालीस. “दोन भाकरी. आन चटणी.”

“बिस्किटं? दुधातून काही पावडर वगैरे?”

“न्हाई वं. आमी खेड्यातली मान्सं, आमास्नी कुठलं बिस्कीट?”

जिनं जन्मभर दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारला, ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. “बरोबर आहे का?” मी म्हटलं, “हो.” त्यांनी लिहिलं, भाकरी एकच, भात बंद, आणि गोळी वाढवली. त्यांचा काही दोष नाही. त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी लिहिलं. बाहेर आल्यावर स्टँडकडे जाताना रिक्षात मी म्हटलं, “आई, खरं का नाही सांगितलंस?” तू रस्त्याकडे बघत म्हणालीस, “तुझी भाकर हाय ती.” मग घरी आल्यावर तू डॉक्टरांचं ऐकलंस. रात्रीच्या दोन भाकऱ्यांतली एक कमी केलीस, आणि भूक लागली की हिरवा पुडा उघडायचीस.

नव्या चपलेनं टाचेला झालेली जखम भरली नाही. तुला दुखतच नव्हतं, म्हणून तू कुणाला दाखवली नाहीस. मी दिवाळीला आलो तेव्हा घरात वास येत होता आणि मला वाटलं परड्यात उंदीर मेलाय. मी तो उंदीर शोधत होतो, आई. सांगलीच्या दवाखान्यात आधी दोन बोटं काढली, मग गुडघ्याखाली पाय. शुद्धीवर आल्यावर तू पांघरुणाखाली हात घालून चाचपलंस आणि म्हणालीस, “आता माझंबी वजन उतरलं.” नर्स हसली, तिला वाटलं तू चेष्टा करतेस. अकराव्या दिवशी विष रक्तात पसरलं आणि तू गेलीस. शेवटचे दोन दिवस तू मला ओळखत नव्हतीस. झोळी नीट धर, पोरगं पडंल, असं काहीतरी सारखं म्हणत होतीस.

बिस्किटांनीच तू गेलीस असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. साखर उशिरा सापडली, चहा गोड होता, आजोबांनाही ती होती म्हणतात. हे सगळं मी स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलंय. पण डॉक्टरबाईंना त्या दिवशी खरं कळलं असतं तर त्यांनी काय लिहिलं असतं, यापुढे माझा विचार जात नाही. आणि मी नोकरी सोडली तीही तू गेल्यावर लगेच नाही. आणखी दोन वर्षं मी तोच माल विकला, हिरवे पुडेसुद्धा. सोडली ती बढती दुसऱ्याला मिळाली म्हणून. आता पाइपच्या दुकानात हिशेब बघतो.

पोरीला काल फोन केला. म्हटलं, खोकं उलटं कर आणि घटकांतली पहिली तीन नावं वाच. तिनं मोठ्यानं वाचून दाखवली. मग मी म्हटलं, पोहे खा, पण त्यात शेंगदाणे जास्त घालायला सांग, आणि अधूनमधून अंडं उकडत जा, आणि बारा वाजता भूक लागते का ते बघत जा, दुपारपर्यंत टिकली तर ती न्याहारी. हे सगळं तुझंच आहे. तिनं विचारलं, “आजी कशी गेली हो शुगरनं? ती तर साधंच खायची ना?” मी म्हटलं, रेंज नाहीये.

एक राहिलं. तुझ्या मातीला आलेल्या लोकांत ताई रडत मला विचारत होती, घरात साधं खाणं असताना आईची साखर एवढी कशानं वाढली. ती तेव्हा नुकतीच फलटणहून पोचली होती. सगळी भावकी ऐकत होती. मी म्हटलं, “ऐकायची नाही गं. चोरून गूळ खायची.” ते तिनं खरं मानलं. आता तिलाही साखर आहे, आणि गेल्या महिन्यात मी फलटणला जेवायला गेलो तेव्हा ती सुनेला माझ्यादेखत सांगत होती, “माझी आई जिभेनं गेली बघ. अख्ख्या गावाला शिकवायची आन स्वतः चोरून खायची.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “व्हय का न्हाई रं?” माझ्या तोंडात घास होता. मी मान हलवली.

हे पत्र खरं तर फलटणच्या पत्त्यावर टाकायला हवं. तुझ्या नावानं लिहिलं, कारण तू उत्तर मागणार नाहीस.