जाड थेंब

नाशिक,
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय यशोधन,

कसा आहेस? माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवून जाणार आहे. अंबडच्या कंपनीत रुळलास ना? काकूंना नमस्कार सांग. त्यांच्या थालीपिठांची आठवण आमच्या लॅबमध्ये अजून निघते. तुझी निघाली की मात्र मी विषय बदलते.

बाकी इथे ठीक. नवा मायक्रोस्कोप आलाय. सुरगाण्याच्या पाड्याचा आपला अहवालही झाला: एकशे अडतीस जणांचं रक्त तपासलं, मलेरिया शून्य. उद्या अकराला मीटिंग आहे. सरांची सही झाली की पाड्यावरची तापाची तपासणी बंद होईल.

खरं तर ठीक काहीच नाही. मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. भागुबाई आठवते? तिच्याकडे तू नागलीच्या तीन भाकरी हाणल्या होत्यास. तिची सून शुभांगी, सातवा महिना, काल बेशुद्ध अवस्थेत इथे आणली. मलेरिया. सप्टेंबरात आपण रक्त घेतलं तेव्हाही तिला ताप होता. भागुबाई मला बघून ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "तूच बोललीस ना बाय, रगतात काय नाय म्हनून? मंग आमी घरीच ठेवली तिला."

महिनाभर जे गिळून बसलेय ते आता लिहिते.

स्लाइडवर रक्ताचे दोन थेंब, एक पसरून पातळ केलेला, एक जाड; थोडेसेच जंतू असले तर ते जाडातच सापडतात. पातळ थर मिथेनॉलमध्ये बुडवायचा, जाड थेंबाला मिथेनॉलचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही, नाहीतर तांबड्या पेशी पक्क्या होऊन बसतात आणि जंतू दिसत नाहीत. हे तूच मला ओरडून ओरडून शिकवलंस. त्या दिवशी शेवटची जीप हॉर्न देत होती आणि तू खाली पेट्या चढवत होतास. मी अख्ख्या स्लाइड्स बरणीत बुडवल्या. एकामागून एक, सगळ्या.

लॅबमध्ये तू विचारलंस, "आभा, जाड थेंब लालच कसे राहिले? रंगात घातल्यावर फिके पडायला हवे होते." त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. आणि मी सरांसमोर म्हणाले, "याने बनवलेला रंग जुना असेल." तू म्हणालास, पुन्हा रक्त घ्यायला जाऊ. सर म्हणाले, वेळ नाही. पातळ थरात काही दिसलं नाही, तेवढ्यावर त्यांनी शून्य लिहिलं. पंधरा दिवसांनी निष्काळजी म्हणून तुला काढलं, तेव्हा मी मान खाली घालून स्लाइड्सवर नंबर टाकत बसले होते. मी भित्री आहे, यशोधन. मला माझीच लाज वाटते.

डॉक्टर दर तासाला बाळाचे ठोके ऐकतात. मघाशी ऐकू आले. त्यांची पुन्हा यायची वेळ झालीय, आणि भागुबाई दारातून हलत नाही.

उद्या मीटिंगमध्ये सही व्हायच्या आत मी हे सगळं सांगणार आहे. सरांनी कानाआड केलं तर तिथून थेट आरोग्य खात्यात जाईन. काही झालं तरी पाड्यावर पुन्हा रक्त घ्यावंच लागणार. पण मी सुई घेऊन गेले तर आता कोण बोट पुढे करेल? तू गेलास तर करतील. मंगळवारी सकाळी सातला जीप सुटते. माझ्यासाठी येऊ नकोस, त्यांच्यासाठी ये. माफी मी आत्ता मागत नाही. आधी शुभांगीचे डोळे उघडू देत.

पाकिटात कापसात गुंडाळलेली एक स्लाइड आहे, सत्तेचाळीस नंबरची. शुभांगीची. उजेडात धरून बघ. थेंब अजून लाल आहे. तुझा रंग जुना नव्हता.

सगळ्या स्लाइड्स बुडवणारी,
आभा